पाण्याच्या ताणाचा कडधान्यांच्या बीजांकुरणावर व रोपवाढीवर होणारा परिणाम

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत येतो. सोनई परिसरास मुळा धरणाच्या कालव्याचा लाभ होत असला, तरी लाभक्षेत्राबाहेरील मूग, मटकी व हुलगा ही पिके पावसावरच अवलंबून असतात. पहिल्या पावसानंतर खंड पडल्यास पेरणी वाया का जाते, याची मीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजांकुरणाची प्रक्रिया :
बीजांकुरण तीन टप्प्यांत होते. प्रथम कोरडे बी वेगाने पाणी शोषते. ही क्रिया केवळ भौतिक असून निर्जीव बियाणातही घडते. दुसऱ्या टप्प्यात शोषण मंदावते, विकरे कार्यान्वित होतात व बीजपत्रांतील अन्नसाठ्याचे विघटन सुरू होते. तिसऱ्या टप्प्यात मूलांकुर बाहेर पडतो. त्यापूर्वी बी पुन्हा वाळले, तरी ते बहुधा जिवंत राहते. मूलांकुर वाढू लागताच मात्र ही सहनशीलता झपाट्याने नष्ट होते. म्हणूनच अपुरा पाऊस हा अजिबात न झालेल्या पावसापेक्षा बियाणास अधिक घातक ठरतो.

ताणाचे परिणाम :
प्रयोगशाळेत पॉलिइथिलीन ग्लायकॉल ६००० च्या द्रावणाने कृत्रिम ताण निर्माण करतात. ताण वाढेल तसे अंकुरण लांबते व त्याचे प्रमाण घटते. पेशींचा ताठपणा कमी झाल्याने त्यांचे प्रसरण मंदावते. सौम्य ताणात खोडाची वाढ मुळापेक्षा अधिक खुंटते. त्यामुळे मूळ व खोड यांच्या लांबीचे गुणोत्तर वाढते. रोपात प्रोलीन हे अमिनो आम्लही साठते. घेवडा ताणास संवेदनशील आहे, तर मटकी व हुलगा तुलनेने काटक आहेत. तथापि, काटक पिकाच्या कोवळ्या मोडालाही संरक्षणाची मर्यादा असतेच.

निष्कर्ष :
केवळ अंकुरणाच्या टक्केवारीवरून बियाणाची ताणसहनशीलता ठरविणे अपुरे आहे. रोपाची लांबी, शुष्क वजन व जोम निर्देशांक (अंकुरण टक्केवारी गुणिले रोपाची लांबी) यांचीही नोंद आवश्यक ठरते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल व वापसा आल्यावरच पेरणी करावी, या कृषितज्ज्ञांच्या शिफारशीमागील शास्त्रीय कारण हेच आहे. दुबार पेरणीत बियाणाचा खर्च पुन्हा करावा लागतो आणि हंगामातील गेलेले दिवस परत मिळत नाहीत. त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने पेरणीची वेळ ही वाणाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे.