दीवची तटबंदी आणि मे महिन्यातले तीन दिवस

परीक्षा संपल्या की घरात एकच विषय निघतो, सुट्टीत जायचं कुठे? महाबळेश्वरची गर्दी नको आणि परदेशचा खर्च झेपत नाही, अशा कुटुंबांनी दीवचा विचार करावा. सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला हे छोटंसं बेट आहे. एका टोकाला समुद्रात घुसलेला किल्ला, त्याला लागून जुनं शहर आणि शहराला तटाची भिंत. तीन दिवस पुरतात.

पण दीव म्हणजे फक्त बीच नाही. आपल्या कोकणाशी आणि हजच्या जुन्या वाटेशी या गावाचा जवळचा संबंध आहे. मुलांना तो सांगितला नाही तर किल्ला म्हणजे नुसते दगड.

सुरुवात आपल्या रायगडातल्या चौलपासून होते. १५०८ मध्ये इजिप्तच्या ममलूक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा कारभारी मलिक अयाज यांनी चौलच्या बंदरात पोर्तुगीज आरमाराचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाचा मुलगा ठार झाला. सूड घ्यायला बाप १५०९ मध्ये दीववर चालून आला आणि जिंकला. त्यानंतर अरबी समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक बसला. व्यापारी जहाजाला त्यांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. हाजींच्या जहाजांचीही यातून सुटका नव्हती. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा मुघल घराण्यालासुद्धा सुरतेत या परवान्यासाठी थांबावं लागलं. आज हजचा फॉर्म भरताना कुरकुर करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं!

दीव त्यांच्या हातात गेलं ते लढाईने नव्हे, अडचणीतल्या सौद्याने. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्यामागे हुमायून लागला होता. मदतीच्या आशेने त्याने १५३४ मध्ये वसई देऊन टाकली आणि १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. हुमायून माघारी गेल्यावर सुलतानाला पस्तावा झाला, पण तोवर तट उभा राहिला होता. फेब्रुवारी १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरला भेटायला तो जहाजावर गेला आणि परतताना झालेल्या झटापटीत समुद्रातच मारला गेला. पुढे १५३८ मध्ये उस्मानी सुलतानाचा इजिप्तमधला सुभेदार सुलेमान पाशा आरमार घेऊन आला, १५४६ मध्ये ख्वाजा सफरने वेढा दिला, तो त्यातच तोफगोळ्याने गेला. दोन्ही वेळा किल्ला पडला नाही. गोव्याबरोबरच, १९ डिसेंबर १९६१ ला, दीव भारतात आलं.

किल्ल्यावर गेलात की खडकात खोदलेला खंदक आधी बघा, वेढे का फसले ते तिथेच समजतं. वर अजूनही जुन्या तोफा पडल्या आहेत. बहादूरशाहची १५३३ ची एक प्रचंड तोफ मात्र इथे नाही, ती लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे. असं सांगतात की ती वितळवायला काढली होती, पण ट्युनिसच्या वकिलाने तिच्यावरचा अरबी मजकूर वाचला आणि ती वाचली.

समोर खाडीत जहाजासारखा दिसतो तो पाणीकोठा. गावाच्या पश्चिमेला तटातला झांपा दरवाजा, आणि जवळच नायडा गुंफा. या नैसर्गिक नाहीत, बांधकामासाठी दगड काढून काढून पडलेली ती पोकळी आहे. आत ऊन वरून झिरपतं, दुपारी तिथे गारवा असतो. मुलांना किल्ल्यापेक्षा हेच जास्त आवडतं, हे आधीच सांगून ठेवतो. नागवा बीचकडे जाताना फांद्या फुटलेले ताड दिसतील. त्यांना होका म्हणतात, आफ्रिका-अरबस्तानातल्या दौम ताडाचे हे भाऊबंद.

आता एक स्पष्ट बोलायला हवं. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी पिणाऱ्यांची झुंबड उडते. बायकामुलं घेऊन जायचं तर सोमवार ते गुरुवार जा, आणि नागव्यापेक्षा घोघल्याचा किनारा निवडा. हॉटेल ठरवताना बार आहे का, हे फोनवर सरळ विचारा, त्यात लाज कसली? मांस हलाल आहे का तेही विचारून घ्या. खात्री नसेल तर मासे आणि गुजराती थाळी आहेच. तीन दिवसांच्या मुक्कामात हनफी आणि कोकणातले शाफई, दोघांनाही नमाज कसर आहे.

जायला मुंबईहून वेरावळची रेल्वे, पुढे रस्त्याने साधारण ९० किलोमीटर. मेमध्ये ऊन कडक, म्हणून किल्ला सकाळी लवकर उरकावा. जूननंतर मात्र बेत आखू नका. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्यावर पाण्यात उतरायला सहसा बंदी असते. मेच्या अखेरीसही लाटा वाढू लागल्या की पोरांना घोट्याच्या वर जाऊ देऊ नये.