यंत्राचा शब्द आणि आपली सही

वकिलीला रामराम ठोकून मला सहा वर्षे झाली. पण नातेवाइकांच्या लेखी वकील कधी निवृत्त होत नाही. गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी पुतण्या दारात उभा राहिला, तो हातात कागदांची जाडजूड चळत घेऊनच.

"काका, जरा नजर टाका आणि सही कुठे करायची तेवढं सांगा."

त्याची दादरला लहानशी सहल कंपनी आहे. अष्टविनायक, चारधाम, कधीमधी सिंगापूर. माणसे सारी नऊ. लोक मात्र रात्री अकराला मोबाइलवर विचारतात, "जेवण मराठी पद्धतीचं ना?" "आईचे गुडघे दुखतात, वर घोडा मिळेल का?" अशा प्रश्नांना चोवीस तास उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र, म्हणजे ज्याला तो 'चॅटबॉट' म्हणतो ते, त्याला विकत घ्यायचे होते. विक्रेत्याने लॅपटॉपवर नमुना दाखवला आणि ते इतके गोड बोलले, की याचे मन तिथेच बसले. पोहे चांगले झाले म्हणून लग्न ठरवावे, त्यातला प्रकार!

करारनामा अठ्ठावीस पानी होता. नवव्या पानावर विक्रेत्याने हात वर केले होते: उत्तरे बरोबर असतील याची हमी नाही. चौदाव्यावर, नुकसान झालेच तर भरपाई फार तर मागील बारा महिन्यांच्या शुल्काइतकी. सतराव्यावर, गिऱ्हाइकांची संभाषणे 'सेवा सुधारण्यासाठी' वापरण्याची मुभा. आणि तंटा झाला तर लवाद सिंगापूरला.

"तुझी सहल जातेच आहे तिकडे," मी म्हणालो. तो हसला नाही.

"पण काका, चूक यंत्राने केली तर त्यात माझा काय दोष?"

नेमका हाच बचाव कॅनडात एका बड्या विमान कंपनीने करून पाहिला होता. २०२२ साली आजी वारल्यामुळे तातडीने प्रवास करावा लागलेल्या एका माणसाला एअर कॅनडाच्या यंत्राने सांगितले, की तिकीट आता काढा; शोकप्रसंगाची सवलत नव्वद दिवसांत मागता येईल. कंपनीचा नियम नेमका उलट होता. प्रवास झाल्यावर सवलत नाही! प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा आपल्या यंत्राच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. फेब्रुवारी २०२४मध्ये निकाल लागला: संकेतस्थळ कंपनीचे, तेव्हा त्यावरचा शब्दही कंपनीचा. व्याज आणि खर्च धरून सुमारे ८१२ डॉलर भरावे लागले. रक्कम किरकोळ, पण बोभाटा जगभर झाला.

आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही, हे खरे. पण आपल्या १८७२च्या करार कायद्यातसुद्धा मुखत्यार म्हणजे 'व्यक्ती'. यंत्राला मुखत्यार म्हणून पुढे करून आपण मागे लपावे, अशी सोय त्यात मला तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. प्रवासी विश्वासाने पासपोर्टचे फोटो पाठवतात, आजार सांगतात. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात, आपण ज्याच्याकडे काम सोपवले त्याच्या हातून घोळ झाला, तरी जबाबदारी आपलीच. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याचे ठरले. तयारीला वेळ दिला आहे, सूट नव्हे!

पुतण्याचा चेहरा उतरला. मग मी म्हणालो, "आधी पंधरा दिवस वापरून तर बघ. पण प्रश्न विक्रेत्याचे नकोत, आपले हवेत." त्याच्या कचेरीतल्या सर्वांत जुन्या बाईंनी मागच्या वर्षीचे चाळीस खरे प्रश्न काढले. त्यांतला एक एका निवृत्त शिक्षिकेचा होता. यजमान इस्पितळात, केदारनाथची सहल पाच दिवसांवर, रद्द केली तर पैसे मिळतील का? कंपनीच्या नियमाने शेवटच्या सात दिवसांत काही मिळत नाही. यंत्राने मोठ्या मायेने सांगितले, "काळजी करू नका, पूर्ण रक्कम परत मिळेल." तोच प्रश्न पुन्हा घातला, तर उत्तर आले निम्मी रक्कम!

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हे यंत्र मुनीमजींसारखे वहीत बघून बोलत नाही. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल, हे अजमावत वाक्य विणते. कंपनीची नियमावली पुढ्यात ठेवली तर पुष्कळ सुधारते. चुकतच नाही असे नाही. शिवाय विक्रेता हा मधला दुकानदार. मूळ 'मॉडेल' तिसऱ्याच कंपनीचे. ते तिने बदलले, की आज पारखलेला माल उद्या निराळा! बिलाचीही एक मेख आहे. आकार शब्दांच्या तुकड्यांवर होता आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात. खर्चाचा अंदाज मात्र इंग्रजी संभाषणावर काढलेला.

पुढचे तीन आठवडे पत्रापत्री चालली. संभाषणे यंत्राच्या शिकवणीसाठी वापरायची नाहीत; करार संपल्यावर माहिती वाचता येईल अशा रूपात परत देऊन पुसायची; मॉडेल बदलण्याआधी कळवायचे; लवाद मुंबईत. एवढे विक्रेत्याने मानले. भरपाईची मर्यादा तिप्पट केली. अचूकपणाची हमी मात्र शेवटपर्यंत दिली नाही. आणि खरे सांगायचे, तर त्याच्या जागी मीही दिली नसती. म्हणून पुतण्याने आपल्याकडून बंदोबस्त केला. पैसे, परतावा, व्हिसा, आजारपण यांतले काहीही निघाले, की यंत्राने गप्प बसून माणसाला जोडून द्यायचे. पासपोर्ट तिथे घ्यायचेच नाहीत. जुन्या बाई आता दुपारी येतात आणि रात्री दहापर्यंत फोनवर असतात. त्यांचा पगार वाढला. यंत्राने वाचणार होते त्या पैशांतला बराच भाग तिकडे गेला, हे पुतण्या जरा कुरकुरतच सांगतो.

सही दसऱ्याला झाली. वर्षाऐवजी तीन महिन्यांची. मला मात्र एक खोड लागली आहे. रात्री जेवण झाले, की बायकोच्या मोबाइलवरून मी तो केदारनाथचा प्रश्न विचारतो. शब्द फिरवून, कधी मुद्दाम अशुद्ध लिहून. गेल्या मंगळवारी यंत्र गप्प बसले आणि दोन मिनिटांत बाईंचाच फोन आला. आवाज ओळखून त्या म्हणाल्या, "काका, अहो, झोपा आता."