मर्यादित आंतरजाल जोडणी आणि अग्रक्रमाचा प्रश्न : डोणगाव परिसरातील ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :

बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात डोणगाव हे बाजारपेठेचे गाव आहे. अशा गावातील महाविद्यालयात कार्यालय, ग्रंथालय, संगणक प्रयोगशाळा आणि प्राचार्यांचा कक्ष हे सर्व बहुधा एकाच आंतरजाल जोडणीवर अवलंबून असतात. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षा अर्ज, विद्यापीठाची परिपत्रके आणि विद्यार्थ्यांचे अभ्याससाहित्य यांची ये-जा याच एका वाटेने होते. 2017 साली नॅकने सुधारलेल्या मूल्यांकन पद्धतीत या जोडणीची क्षमता किती एमबीपीएस आहे, हे विचारले गेले व त्यानुसार गुण ठरले. परंतु क्षमता अपुरी पडते तेव्हा प्रथम कोणाचे काम व्हावे, हा प्रश्न आकड्यात मावत नाही. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे.

रांगेचे स्वरूप :

आंतरजालावरील माहिती पॅकेट नावाच्या लहान तुकड्यांत विभागून पाठविली जाते. तार अरुंद असली की हे तुकडे राउटरमध्ये रांग लावतात. कोणताही नियम घातला नसेल तर जो आधी आला तो आधी गेला, एवढाच न्याय तेथे चालतो. वरवर तो समतेचा वाटतो. प्रत्यक्षात तसा नसतो. जोडणीची वाटणी साधारणपणे माणसांमध्ये न होता चालू असलेल्या प्रवाहांमध्ये होते. म्हणून एकाच वेळी आठ प्रवाह उघडणारी डाउनलोडची आज्ञावली वापरणाऱ्यास आठ वाटे मिळतात आणि एकच अर्ज भरणाऱ्या विद्यार्थिनीस एक. जॉन नेगल यांनी 1985 सालीच प्रत्येक स्रोताची रांग वेगळी ठेवून आळीपाळीने पुढे सोडण्याची कल्पना मांडली होती. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती नवी वाटणार नाही.

याउलट जोडणीचे कायमचे तुकडे पाडणे हाही उपाय नव्हे. 2009 साली सुरू झालेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानात महाविद्यालयांना बीएसएनएलच्या प्रत्येकी 512 केबीपीएसच्या स्वतंत्र जोडण्या देण्यात आल्या. अशा रचनेत ग्रंथालयाची जोडणी रिकामी असली तरी कार्यालयाच्या उपयोगी पडत नाही. किमान वाटा राखीव असावा. मात्र तो वापरात नसेल तेव्हा इतरांना मिळावा, हेच योग्य होय.

अग्रक्रम व्यक्तीस की कार्यास? :

अग्रक्रमाची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. ट्रंक कॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे प्रकार होते. लायटनिंगसाठी साध्या कॉलच्या आठपट दर पडे. तेथे क्रम पैशाने ठरत असे. महाविद्यालयात तो हुद्द्याने ठरण्याचा धोका असतो. प्राचार्यांच्या कक्षातील संगणकास सर्वप्रथम स्थान देणे राउटरवर सर्वांत सोपे असते आणि म्हणूनच ते सर्वत्र केले जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

एक साधे गणित पाहू. मुंबई विद्यापीठासह राज्यातील काही विद्यापीठांनी परीक्षा केंद्रांकडे प्रश्नपत्रिका संगणकाद्वारे पाठविण्याची पद्धत स्वीकारली आहे. प्रश्नपत्रिकेची फाइल 2 मेगाबाइट, म्हणजे 16 मेगाबिट आहे व जोडणी 4 एमबीपीएसची आहे असे समजू. त्याच वेळी एकूण चाळीस प्रवाह सारख्या वाट्याने चालू असतील, तर तिला 160 सेकंद लागतील. तिला संपूर्ण अग्रक्रम दिल्यास 4 सेकंद पुरतात आणि उरलेल्या सर्वांचा खोळंबा केवळ त्या चार सेकंदांपुरता होतो. निकडीच्या व लहान कार्यास दिलेला अग्रक्रम इतरांना जवळजवळ काहीच महाग पडत नाही. व्यक्तीस दिलेला अग्रक्रम मात्र संपत नाही. त्या व्यक्तीने चलच्चित्र पाहावयास घेतले की प्रयोगशाळेतील शिष्यवृत्तीचा अर्ज अर्ध्यावर थांबतो. ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक नाही आणि अर्जाचा शेवटचा दिवस आहे, त्याचे वर्षभराचे शुल्क त्या रांगेत अडकलेले असते.

अंमलबजावणीतील अडचण :

येथे एक तांत्रिक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. बाहेरून आत येणाऱ्या माहितीची रांग महाविद्यालयाच्या राउटरमध्ये लागत नाही. ती सेवा पुरवठादाराच्या टोकाला लागते व तेथे महाविद्यालयाचा नियम चालत नाही. पॅकेटवर अग्रक्रमाची खूण करण्याची व्यवस्था 1998 साली प्रमाणित झाली असली तरी संस्थेबाहेर ती खूण मानली जाईलच असे नाही. म्हणून 4 एमबीपीएसच्या जोडणीवर राउटरची मर्यादा बुद्ध्याच 3.6 च्या आसपास ठेवली जाते. दहावा हिस्सा सोडून द्यावा लागतो. पण त्यामुळे रांग आपल्या आवारात येते व तिचा क्रम आपणास लावता येतो. शीघ्र इंटरनेटसाठी पैसे मोजणाऱ्या संस्थेस ही तडजोड पटविणे अवघड जाते.

ऑप्टिकल फायबरमुळे हा प्रश्न उरला नाही असे म्हटले जाते. परंतु रस्त्याच्या खोदकामात तार तुटली की सारे महाविद्यालय एखाद्या मोबाइल डोंगलवर येते, आणि नेमका तोच परीक्षेचा दिवस असू शकतो.

फेब्रुवारी 2016 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डाटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांवर बंदी घातली व 2018 साली केंद्र शासनाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे मान्य केली. ही बंधने सेवा पुरवठादारांवर आहेत. आपल्या आवारात कोणते काम आधी, हे महाविद्यालयाने स्वतः ठरवावयाचे आहे. त्यामुळेच तो निर्णय राउटरचा पासवर्ड बाळगणाऱ्या एका कर्मचाऱ्यावर न सोडता समितीत व्हावा, नियम प्रयोगशाळेच्या दारावर लावलेले असावेत आणि प्रत्येक अग्रक्रमासोबत त्याच्या समाप्तीची वेळही लिहिलेली असावी. परीक्षेपुरता केलेला नियम परीक्षा संपल्यावर काढावयाचा राहून जातो, आणि पुढील सत्रात जोडणी संथ का झाली, हे कोणालाच सांगता येत नाही.