शुआन कागद: यादीत नाव आल्यावर पुढे काय?

2009 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत चिनी सुलेखन घेतलं आणि त्याच वर्षी ते ज्यावर केलं जातं त्या शुआन कागदाची कारागिरीही घेतली. हे बरं झालं. कुंचल्याची कला जपायची आणि कागद कुठल्याही गिरणीतला चालवून घ्यायचा, याला जपणूक म्हणणं कठीण. हा कागद बनतो पूर्व चीनमधल्या आन्ह्वी प्रांतात, जिंग काउंटीत. त्याचं नाव आलं आहे शुआनचौ या जुन्या विभागावरून.

साल, पेंढा आणि डोंगरउतार

कच्चा माल दोनच: छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि वाळूमिश्रित शेतातल्या भाताचा पेंढा. सालीचे लांब तंतू कागदाला चिवटपणा देतात, पेंढ्याने तो मऊ होतो. सालीचं प्रमाण जितकं जास्त, तितका कागद वरच्या प्रतीचा.

साल कोवळ्या, दोन-तीन वर्षांच्या फांद्यांचीच घेतात. ती वाफवायची, चुन्यात मुरवायची, धुवायची आणि डोंगरउतारावर पसरून ठेवायची. ऊन-पाऊस खात महिनोन्महिने पडून ती पांढरी होते. पेंढ्यालाही हेच भोग. टप्पे शंभराहून अधिक, आणि सालीपासून तयार तावापर्यंत दोनेक वर्षं सहज जातात. रसायनं घातली तर हेच काम झटपट उरकतं. धंदा करणाऱ्याला तो मोह झाला तर नवल नाही. पण जहाल रसायनांनी तंतू दुबळे होतात, आणि शुआनचं नाव आहे ते शतकानुशतकं टिकण्याबद्दल.

म्हणून इथे नुसता कारागीर सांभाळून भागत नाही. छिंगथानची झाडं, विशिष्ट जमिनीतला भात, स्वच्छ झरे आणि मोकळे उतार हेही राहायला हवेत.

ताव उचलणं

लगद्याच्या हौदात बांबूच्या बारीक काड्यांची चटई दोन माणसं दोन टोकांना धरून बुडवतात आणि वर काढतात. चटई किती कलवायची, कधी हलवायची, यावर तावाची जाडी ठरते. तिथे मोजपट्टी चालत नाही. लगद्यात रानटी किवीच्या वेलीचा चिकट रस घातलेला असतो. त्यामुळे तंतू पाण्यात एकसारखे तरंगतात आणि एकावर एक रचलेले ओले ताव नंतर न फाटता सुटतात. पुढे ते गरम भिंतीवर ब्रशने चिकटवून वाळवतात आणि एकेक तपासून कापतात.

हौदापाशी भर थंडीतही हात ओले, भिंतीपाशी बारा महिने उकाडा. तरुण या कामाकडे सहजी वळत नाहीत, यात आश्चर्य ते काय!

कायदा

चीन 2004 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या करारात सामील झाला. 2006 च्या पहिल्या राष्ट्रीय यादीत शुआन कागद होता. 2011 मध्ये स्वतंत्र कायदा आला. त्यानुसार सरकार निवडक कारागिरांना ‘प्रातिनिधिक वारसदार’ म्हणून मान्यता देतं, गरजेप्रमाणे जागा आणि पैसाही पुरवतं. त्यांनी शिष्य तयार करायचे असतात. सबळ कारणाशिवाय हे कर्तव्य टाळलं तर मान्यता काढून घेता येते. मला या कायद्यातलं हेच कलम सगळ्यात कामाचं वाटतं. सन्मान देऊन मोकळं होणं सोपं असतं.

बाजार

वस्तू बनत आणि विकली जात राहूनच कला टिकावी, हे चीनचं अधिकृत धोरण आहे. 2012 मध्ये त्याबाबत सरकारी मार्गदर्शनही निघालं. कागदासारख्या वस्तूला ते लागूही पडतं. पण खप वाढला की स्वस्त नक्कल येतेच. 2002 मध्ये शुआनला भौगोलिक उत्पादन म्हणून संरक्षण मिळालं. राष्ट्रीय मानकात साल, पेंढा, पाणी आणि प्रदेश नेमून दिले आहेत. तरीही दुसऱ्याच गवताच्या लगद्याचा, यंत्रावर काढलेला कागद त्याच नावाने विकला जातो.

शिकाऊ मुलांनी रोजच्या सरावाला असा कागद वापरला तर काही बिघडत नाही. तक्रार आहे ती त्यावर ‘शुआन’चा शिक्का मारण्याबद्दल.