स्वकीय मूलपेशी-प्रतिरोपण : संज्ञा आणि आशय

जयसिंगपूरच्या परिसरात 'लागण' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. उसाची लागण करतात आणि रोगाची लागण होते. एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्तीस लिंफोमा, म्हणजे लसीका-संस्थेचा कर्करोग, उद्भवला, तो प्राथमिक उपचारांनंतर उलटला आणि वैद्यांनी 'मूलपेशी-प्रतिरोपण' सुचविले, तर या संज्ञेचा बोध तिला कसा होतो, हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. रुग्णाचा होकार वा नकार त्यावर अवलंबून असतो.

'प्रतिरोपण' म्हणताच मूत्रपिंडाचे उदाहरण आठवते : दाता परका आणि शस्त्रक्रिया अटळ. स्वकीय प्रतिरोपणात या दोन्ही गोष्टी नसतात. रुग्णाच्याच रक्तातून मूलपेशी वेगळ्या काढून गोठवून ठेवतात. नंतर कर्करोगावर औषधांची अतितीव्र मात्रा देतात. तीमुळे अस्थिमज्जाही निकामी होते. म्हणून राखलेल्या पेशी शिरेवाटे परत सोडतात. साधारणतः दोन आठवड्यांत रक्तपेशी पुन्हा तयार होऊ लागतात. रोगाचा नाश औषध करते. पेशी मज्जेची पुनःस्थापना करतात.

भारतातील पहिले अस्थिमज्जा-प्रतिरोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. एचआयव्हीबाधितांस मात्र असे उपचार सोसणार नाहीत, अशी समजूत जगभर दीर्घकाळ होती. प्रभावी विषाणुरोधक औषधांनी परिस्थिती पालटली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे ४० रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ८७ टक्के एका वर्षानंतर हयात होते. एचआयव्ही नसलेल्या तुलनेतील रुग्णांचे प्रमाणही जवळजवळ तेवढेच होते. भारतात ही औषधे शासनातर्फे २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीच्या कारणावरून वैद्यकीय सेवा नाकारणे निषिद्ध ठरविले आहे.

परकीय दात्याच्या पेशींचा प्रकार याहून भिन्न आहे. लंडन येथील एका लिंफोमाग्रस्तास २०१६ साली अशा पेशी दिल्या गेल्या. दात्याच्या अंगी विषाणूस पेशीत प्रवेश न देणारा दुर्मिळ जनुकीय विशेष असल्याने त्याचा एचआयव्हीही नाहीसा झाला. परंतु दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटण्याचा धोका या प्रकारात मोठा असतो. स्वकीय प्रतिरोपणाने एचआयव्ही जात नाही. त्याची औषधे पुढेही घ्यावीच लागतात.

हा भेद ऊस पिकविणाऱ्या प्रदेशात समजावणे अवघड नाही. रान मोकळे करण्यापूर्वी आपल्याच उसाचे बेणे राखून पुन्हा लावणे निराळे आणि दुसऱ्याच्या शेतातून बेणे आणणे निराळे. 'स्वकीय' या विशेषणात हाच आशय आहे. ते गाळून नुसते 'प्रतिरोपण' म्हटल्यास रुग्ण नसलेल्या दात्याच्या शोधात राहतो, आणि उपचाराचा काळ निघून जातो.