भरती-ओहोटीची सरहद्द

चेपस्टोला वाय नदीवर 1816 सालचा बिडाचा पूल आहे. त्याच्या मध्यावर वेल्स संपतो आणि इंग्लंड सुरू होतं. खरी गंमत पुलाखाली आहे. ओहोटीला दोन्ही काठांवर तपकिरी चिखलाच्या उंच उतरणी उघड्या पडतात आणि मधून एक केविलवाणी धार वाहते. सहा-एक तासांनी यावं तर काठोकाठ नदी! मोठ्या भरतीला इथे पाणी बारा मीटरहून अधिक चढतं. मुंबईत पाच मीटरच्या आसपासची भरती येणार म्हटलं, तरी आदल्या दिवसापासून बातम्या सुरू होतात.

एवढं पाणी येतं कुठून? अटलांटिकची भरती ब्रिस्टलच्या आखातात रुंद तोंडातून शिरते. पुढे किनारे जवळ येत जातात, तळही उथळ होतो. पाण्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते चढतं. त्यात आखाताची लांबी अशी, की आतल्या पाण्याचा हेलकावा भरतीच्या लयीशी जुळत जातो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी झोका मिळावा, तसं. ही भरती वाय नदीत शिरून टिंटर्न गावाच्याही वर, बिग्झविअरपर्यंत पोहोचते.

पूर्वेकडच्या कड्यांवरून ‘ऑफाज डाइक पाथ’ जातो. सेव्हर्न नदीच्या मुखापासून उत्तरेला प्रेस्टॅटिनच्या समुद्रापर्यंत 285 किलोमीटरची ही पायवाट. ऑफा हा आठव्या शतकातला मर्शियाचा राजा. त्याच्या नावाचा मातीचा बांध काही ठिकाणी खंदकासह वीस मीटर रुंद आहे. खंदक वेल्सच्या बाजूला, बांध इंग्लंडच्या. कोणाला कोणाची धास्ती होती, ते मातीच सांगते. मात्र या भागात आजची सरहद्द खाली नदीतून जाते, बांध वर कड्यावर राहतो. त्यामुळे बांधावरून चालणारा पूर्णपणे इंग्लंडात असतो आणि बघत असतो वेल्स.

समोर दिसतं टिंटर्न. 1131 साली स्थापन झालेला हा मठ आठव्या हेन्रीने 1536 मध्ये बंद केला. आता छप्पर नाही, नुसत्या कमानी. अठराव्या शतकात हौशी प्रवासी होडीने नदी उतरत हे भग्न सौंदर्य बघायला येत. गावच्या भट्ट्यांचा धूर मात्र त्यांच्या चित्रांत फारसा येत नाही. मठ मोडल्यावर तीसेक वर्षांतच इथे तारेचा कारखाना निघाला होता आणि पुढे या दरीत लोखंडाच्या भट्ट्या शतकानुशतकं पेटत राहिल्या. त्यांना लागे लोणारी कोळसा. त्यासाठी झाडं समूळ न उपटता बुंध्याशी छाटत, मग नवे फुटवे येत. आज ज्याला आपण ‘अस्पर्श रान’ म्हणू, ते बऱ्याच अंशी त्या भट्ट्यांमुळे टिकलं. मला मठापेक्षा हीच गोष्ट अधिक थक्क करते.

ऑफाच्या बांधावरचा हा सीमामार्ग 1971 साली खुला झाला. उद्घाटनाला होते जॉन हंट, 1953 च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. त्या दिवशी चेपस्टो आणि टिंटर्न ज्या मॉनमथशर परगण्यात येतात, तो नक्की कोणाचा हेच कायद्याच्या दृष्टीने धूसर होतं. सरकारी कागदांत बरेचदा ‘वेल्स आणि मॉनमथशर’ असं लिहीत. तो निःसंदिग्धपणे वेल्सचा झाला एप्रिल 1974 मध्ये.