गलाईवाल्यांचा अभ्यास : जत्रेत कोण भेटत नाही?

सांगलीतले खानापूर-आटपाडी, साताऱ्यातले माण-खटाव. या दुष्काळी तालुक्यांतली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामासाठी, देशभर पांगली. पार केरळच्या किनाऱ्यापर्यंत. नायट्रिक आम्लात चांदी-तांबं विरघळतं, सोनं उरतं, हे आपण वर्गात शिकलो. त्यांच्याकडे ते चुलत्याकडून पुतण्याकडे आलं. हाच त्यांचा वारसा.

तो अभ्यासायचा तर तुम्ही म्हणाल, गावच्या जत्रेला जाऊ, सगळे एकदम भेटतील. पण थांबा. जत्रेला येतो तो बहुधा ज्याचं बरं चाललंय तो. धंदा बुडालेला माणूस गावाकडे फिरकेलच असं नाही. मग नमुन्यात नुसत्या यशोगाथा येतात. यालाच सिलेक्शन बायस म्हणतात.

म्हणून प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी एक प्रश्न ठेवा : यंदा कोण आलं नाही?